दहा तासांचा तर प्रवास!

मुंबईचा विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो यांच्यामधले हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. जाताना साडेनऊ-दहा तास लागतात. येताना त्याहून कमी, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे विमानाला पुढे लोटतात. कधी हा फरक माणसेही पाडतात. २०२२ साली रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले, तेव्हा हेलसिंकीहून टोकियोला जाण्यास साडेनऊऐवजी तेराच्या आसपास तास लागू लागले. दोन्ही शहरे जागची हलली नव्हती.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला जाण्यासाठी मुंबईहून निघाले. त्या काळात सामान्य माणसासाठी बोट हाच मार्ग, आणि बोटीला दोन-तीन आठवडे लागत. परदेशी असलेल्या मुलाला आई वारल्याची वार्ता पत्राने कळे, तोवर कबरीवरची माती सुकलेली असे. त्याने तिकडेच अश्रू ढाळावेत, तिच्यासाठी मिस्सा अर्पण करवावी. ‘तू का आला नाहीस?’ असे त्याला कोणी विचारीत नसे.

आज विचारतात. जे करणे शक्यच नाही ते कर्तव्य म्हणून कोणावर लादता येत नाही, हा विचार तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांच्या नावाशी जोडला जातो. शक्य झालेली प्रत्येक गोष्ट कर्तव्य ठरते, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. तरीही विमानाने एक गोष्ट केली: आपल्या आजोबांना लाभलेली ‘शक्यच नव्हते’ ही सबब आपल्याकडून काढून घेतली. तिच्या जागी अपराधीपणा आला. आणि इतरांना न्यायनिवाडा करण्याची मोकळीक मिळाली.

ती मोकळीक मीही घेतली. वडील वारले तेव्हा लंडनमधला माझा धाकटा भाऊ आला नाही. बाबांचा देह दोन दिवस शवागारात ठेवून आम्ही वाट पाहिली. सांत्वनाला आलेल्यांच्या देखत मी म्हणालो, “दहा तासांचा तर प्रवास!” त्याच्या वास्तव्याच्या परवान्याचा अर्ज तेव्हा सरकारदरबारी होता आणि निर्णयाआधी देश सोडल्यास तो बाद झाला असता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. मी फक्त विमानाचे तास मोजले होते. मात्र त्याने स्वतः ही सबब कधी पुढे केली नाही. “कागद हाती असते तरी आलो असतो का, कोण जाणे,” एवढेच तो एकदा म्हणाला. त्या वाक्याने माझा राग ओसरला, की अधिक खोल गेला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पुढच्या वर्षी मृतांच्या स्मरणदिनाला तो आला. विमानतळापासून वसईपर्यंत वाहनांच्या गर्दीतच अडीच तास गेले. सामान गाडीतच ठेवून आम्ही सरळ कबरस्तानात गेलो. बाबांची कबर कोणती, हे मला त्याला दाखवावे लागले.