किती फूट पुरे?

पुण्याला राहणारा माझा भाचा गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मोहोळला आला तो खिशात मोजपट्टीचा टेप घेऊनच. त्याला फिरतं घर करून घ्यायचं आहे. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली की तिला कॅराव्हॅन म्हणतात. राज्य शासनाने 2021 साली या गाड्यांसाठी पर्यटन धोरणही आणलं. भाच्यापुढे दोन आराखडे होते, एक अठरा फुटांचा, दुसरा तेवीस फुटांचा. दोन्ही गाड्या साडेसात टनांच्या आतल्या, त्यामुळे लायसनचा प्रश्न नव्हता. प्रश्न फक्त लांबीचा. "मामू, तुम्ही सांगा, कोणती घेऊ?"

मी जन्मभर शाळेत शिकवलं, गाडीतलं मला काय कळणार? पण विचारल्याबरोबर मत देणं ही मास्तर लोकांची जुनी खोड आहे. मी सांगितलं, छोटी घे. कारणंही दिली. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर वाढलं की वळायला रस्ता जास्त लागतो. मागच्या चाकांमागे जेवढी बॉडी लोंबते तेवढी ती वळताना बाहेर झाडत जाते. घाटात आणि आमच्या बोळात हे कळून येतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. जागा मोठी असली की टाकी मोठी बसते, मग कपाट येतं, मग कपाटात भरायला सामान येतं. आणि शेवटी मी दीनकडे वळलो. इस्राफ, म्हणजे गरजेबाहेरचा खर्च, आपल्याकडे नापसंत आहे. प्रवासात तर नमाजसुद्धा आखूड होते, मग गाडी का लांब हवी?

साडेतीन हात जमिनीचा दाखला मात्र मी दिला नाही. तो मेलेल्या माणसाचा हिशेब आहे. त्याला रात्री उठावं लागत नाही.

भाच्याला पटलं. आपा, म्हणजे त्याची आई, माझी थोरली बहीण, दाराशी लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "बरोबर आहे. मी घर सांभाळीन."

तेव्हा मी तो अठरा फुटांचा कागद नीट पाहिला. पुढचे सहा फूट ड्रायव्हरचे. मागे आडवा पलंग नवरा-बायकोचा. मध्ये ओटा, आणि रात्री उलगडायची बाकं दोन पोरांची. संडास म्हणजे पलंगाखालून ओढून काढायची पेटी. आपाचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. तिला रात्रीतून तीनदा उठावं लागतं, आणि उकिडवं बसता येत नाही. तेवीस फुटांच्या कागदावर वाढलेल्या पाच फुटांत एक खालचा पलंग होता आणि बसायचं संडास होतं. बाकी काही नव्हतं. मेहुणे वारल्यापासून आपाला कोकणातल्या नणंदेकडे जायचं आहे, आणि ते बोलायचं राहून जातं. साधेपणाचा उपदेश मी केला, आणि त्याची किंमत तिने एका वाक्यात भरून टाकली.

त्याच आठवड्यात टाकळी सिकंदरच्या रस्त्याला गेलो होतो. भीमा कारखान्याच्या बाजूने ऊसतोडीच्या टायरगाड्या चालल्या होत्या. हीही फिरती घरंच. कोपीचे बांबू, चटया, पत्र्याची पेटी, भांडी, वर एखादं लेकरू. अनेकांची म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागे गावाकडेच राहतात. गाडीवर काय आहे हे आपल्याला दिसतं. काय मागे राहिलं हे दिसत नाही. त्यांना कुणी अठरा की तेवीस असं विचारलेलं नाही. आमच्या घरी मात्र विचारलं गेलं होतं, म्हणून जबाबदारी आमच्यावर होती.

नमाजचा दाखला दिला होता तो मीच पुन्हा तपासला. काटकसरीतली कसर आणि नमाजचा कस्र हे अरबीत वेगळे शब्द आहेत, मराठी कानाला ते एकच वाटतात, आणि माझीही तीच गफलत झाली असावी. आपल्या हनफी हिशेबाने 48 मैलांच्या, म्हणजे साधारण 77-78 किलोमीटरच्या प्रवासाला निघालेला माणूस मुसाफिर. मोहोळहून पंढरपूरला जाणारा नव्हे, पुण्याला जाणारा. त्याचे जुहर, असर, इशाचे चार फर्ज दोनवर येतात. पण फजरचे दोन दोनच राहतात आणि मगरिबचे तीन तीनच. तिथे कुणाला काटता येत नाही. शिवाय मुसाफिर जर मुक्कामी इमामाच्या मागे उभा राहिला, तर त्यालाही पूर्ण चार पढावे लागतात. म्हणजे सवलत आहे ती प्रवासातल्या त्रासासाठी, आखूडपणा मोठा म्हणून नव्हे. आणि सोबत कोण आहे यावरही लांबी बदलते. पंधरा दिवस राहायचं ठरवलं की हनफी मुसाफिर मुकीम होतो. कोकणातले शाफई बांधव चार दिवसांचा हिशेब धरतात. आपा नणंदेकडे किती दिवस राहील हे तिचं तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला म्हणालो, माझं कालचं चुकलं, पुन्हा मोज. ओसरीवर खडूने तेवीस फूट आखले. आपाला बाजेवर आडवं व्हायला लावलं. ती म्हणाली, "मी पाय दुमडूनच झोपते, पाच फूट पुरेत, एवढी लांब कशाला करता?" भाचा टेप धरून माझ्याकडे पाहू लागला. मी सहा लिहायला सांगितले.

तेवीस फुटी गाडी आमच्या बोळात यायची नाही, हे माझं म्हणणं अजून खरंच आहे. ती हायवेच्या कडेला उभी करावी लागेल आणि तिथपर्यंत आपाला चालवत न्यावं लागेल. भाचा म्हणतो, खुर्ची आणू. आपा म्हणते, खुर्चीत बसून गल्लीतून गेले तर लोक काय म्हणतील. यावर वाद अजून चालू आहे.