बांधावरून दिसतं तेच पसरतं

देऊळगाव राजा तालुक्यातल्या शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडीचं संकरित बियाणं तयार होतं. मादी झाडाच्या फुलावर नराचे पराग हाताने लावण्याचं हे नाजूक काम मुख्यतः बायाच करतात. हे बियाणं कंपन्यांकडे जातं. आणि मृगाच्या तोंडावर याच गावांतली माणसं कृषी केंद्रात कपाशीच्या पाकिटांसाठी उभी असतात. बियाणं पिकवणारा आणि विकत घेणारा असा एकाच शिवारात भेटतो, तेव्हा नवं तंत्र कसं पसरतं आणि खरेदीची सवय कशी घडवतं, हे स्पष्ट दिसतं.

या विषयाचा पाया मानला जाणारा अभ्यासही बियाण्याचाच आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील २५९ शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला, हे ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ साली मांडलं. १९२८ ते १९४१ या काळात दोघे सोडून सगळे या मक्याकडे वळले होते. मक्याची बातमी अनेकांना विक्रेत्याकडून कळली, पण मन वळवलं ते शेजाऱ्याने. शिवाय बहुतेकांनी आधी थोड्या रानात पेरून पाहिलं, मग हात सैल सोडला.

आपल्याकडे हेच कपाशीत घडलं. शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी सुरू केली होती. मार्च २००२ मध्ये बोंडअळीला रोखणाऱ्या बीटी कपाशीला मंजुरी मिळाली ती या कंपनीच्याच संकरित वाणांना. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातलं नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशीचं क्षेत्र बीटीखाली गेलं. त्यासाठी कोणावर सक्ती झाली नाही. न किडलेली बोंडं आणि कमी झालेल्या फवारण्या बांधावरून दिसत होत्या, "यंदा कोणतं लावलं?" हा एक प्रश्न पुरेसा होता. पण हे वाण संकरित. त्याची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत. त्यामुळे नव्या वाणाबरोबर दरवर्षी दुकानाची पायरी चढणंही घरोघर आलं.

जे बांधावरून दिसत नाही, ते मात्र पसरलं नाही. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं. ते भोवताली लावलं तर अळीत बीटीला न जुमानणारी पिढी लवकर तयार होत नाही. पण त्या ओळींतलं नुकसान एका शेतकऱ्याचं आणि फायदा साऱ्या शिवाराचा, तोही काही वर्षांनी. मग अनेकांनी ते पेरलंच नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली कपाशी पोखरली, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं.

माझं म्हणणं एवढंच की तंत्राचा प्रसार हा त्याच्या भलेपणाचा पुरावा नसतो. प्रसार होतो तो चटकन दिसणाऱ्या लाभाचा. भरलेलं शेत सगळ्यांना दिसतं. बियाण्याची उधारी आणि फसलेली उगवण घरातच राहते. शेजाऱ्याचा सल्ला हा आपला सर्वांत विश्वासाचा सल्ला असेल, तर तो अर्धाच का असावा?

सोयाबीनचं उदाहरण पाहा. हे स्वपरागी पीक असल्याने त्याचं सरळ वाणाचं बियाणं घरचं ठेवता येतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजायचं; सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर ते पेरणीयोग्य. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने बियाणं राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्कही शेतकऱ्याला दिला आहे. पण या परीक्षेची जाहिरात कोणती कंपनी करणार? ती शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला सांगायला हवी.

नव्याला नाही म्हणू नका. पण आधी एका तुकड्यावर पेरून पाहा. पावती, पिशवी आणि तिच्यावरचं लेबल पीक निघेपर्यंत जपून ठेवा. आणि पारावर बोलताना उतारा सांगाल तसा खर्चही सांगा, फसलेलं वाणही सांगा. शेजाऱ्याचं पुढचं वर्ष त्यावर अवलंबून आहे.