जिंकूनही उपरे

लॅरी होम्सने 1978 ते 1985 अशी सात वर्षे हेवीवेट गटाचे विजेतेपद आपल्याकडे ठेवले. या काळात त्याने ते सलग 20 वेळा राखले. मायकल स्पिंक्सने त्याला हरवले तोवर त्याच्या नावावर 48 लढती होत्या आणि त्यांत एकही हार नव्हती. त्याच्या डाव्या हाताचा जॅब बॉक्सिंगच्या इतिहासातल्या उत्तमांपैकी एक, हे जाणकार आजही मान्य करतात. पण महंमद अलीचे नाव निघाले की ज्या चाहत्यांचा ऊर भरून येतो, तेच होम्सबद्दल ‘चांगला होता’ एवढे म्हणून विषय बदलतात. गर्दी कुणावर जीव टाकेल हे सांगता येत नाही आणि त्याबद्दल तक्रारही करता येत नाही. मला विचारायचे आहे ते वेगळे. हा कोरडेपणा न्याय्य आहे का? ज्याने आपले काम इतक्या निष्ठेने केले, त्याचे आपण काही देणे लागतो की नाही?

नेहमीचे उत्तर असे, की काही बॉक्सर जिंकतात पण बघवत नाहीत. व्लादिमीर क्लिचकोकडे यासाठी बोट दाखवले जाते. कारकिर्दीच्या पूर्वार्धात त्याने तीन वेळा मार खाऊन लढत गमावली. त्यानंतर प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड यांच्या साथीने त्याने एक सावध पद्धत पक्की केली. लांबलचक डावा हात सतत समोर ठेवायचा, समोरच्याला अंतरावर रोखायचे आणि तो आत शिरलाच तर त्याला कवटाळून अंगावर भार टाकायचा. या पद्धतीने तो 2006 ते 2015 अजिंक्य राहिला. 2013 मध्ये मॉस्कोत त्याने अलेक्झांडर पोवेत्किनला चार वेळा खाली पाडले आणि तिन्ही परीक्षकांनी 119-104 असा कौल दिला. लोकांच्या लक्षात मात्र राहिल्या त्या मिठ्या. मग एप्रिल 2017 मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानात सुमारे 90,000 प्रेक्षकांसमोर तो अँथनी जोशुआविरुद्ध उतरला तेव्हा वयाची एक्केचाळिशी ओलांडलेला होता आणि समोरचा सत्तावीस वर्षांचा. पाचव्या फेरीत तो पडला आणि उठला, सहाव्या फेरीत त्याने जोशुआला पाडले आणि अकराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. तो हरला, आणि नऊ वर्षांच्या विजयांनी जे दिले नव्हते ते त्या रात्री त्याला मिळाले. अचानक सगळ्यांना तो थोर वाटू लागला. त्याचे कौशल्य तर उतरणीला लागले होते; बदलले होते एवढेच, की त्याला होणारी वेदना लोकांना दिसली.

यावरून कुणी म्हणेल की प्रश्न सुटला: चाहता विजयाला मान देत नाही, त्या विजयासाठी मोजलेली किंमत डोळ्यांनी दिसली तरच देतो. मलाही हे बरेचसे पटते, पण होम्सचे काय? त्याने किंमत कधी लपवली नाही. केन नॉर्टनविरुद्ध त्याने विजेतेपद मिळवले तेव्हा त्याचा डावा दंड आधीच दुखावलेला होता, आणि पंधराव्या फेरीत दोघे तोल सुटेपर्यंत एकमेकांवर तुटून पडले. त्या फेरीनेच निकाल लागला. 1979 मध्ये अर्नी शेव्हर्सच्या उजव्या ठोशाने तो सातव्या फेरीत असा आडवा झाला, की तो उठेल असे वाटत नव्हते. तो उठला आणि अकराव्या फेरीत त्याने शेव्हर्सला संपवले. धैर्याचा याहून उघड पुरावा काय द्यायचा? तरीही आदर आखडताच राहिला. तेव्हा खरे कारण रिंगमधल्या खेळात नसून बघणाऱ्याच्या मनात आधीपासून कोण बसले होते त्यात असावे.

होम्स पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावात वाढला. शाळा अर्धवट सोडून तो मोटारी धुण्याच्या कामाला लागला, आणि पुढे डीअर लेकच्या सरावशिबिरात अलीचा सरावाचा जोडीदार झाला. ऑक्टोबर 1980 मध्ये लास व्हेगासला त्याच अलीशी त्याची गाठ पडली. अली तेव्हा 38 वर्षांचा होता. वजन उतरवलेले असल्याने तो तरुण दिसत होता खरा, पण अंगात जोर उरला नव्हता. एकामागून एक फेरी होम्सचा जॅब त्याच्या चेहऱ्यावर येत राहिला आणि अलीकडून परतफेड अशी काही आलीच नाही. होम्स मध्येच पंचांकडे बघत होता, आता थांबवा म्हणून. दहावी फेरी संपल्यावर अलीचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत सोडली. त्यानंतर होम्स रडला. ज्याने आपल्या गुरूसारख्या माणसाला मारताना हात आवरता घेतला आणि नंतर अश्रू ढाळले, त्याला चाहत्यांनी मूर्तिभंजक ठरवले. भक्ताचे हे असेच असते. मूर्ती काळाने झिजली होती हे त्याला दिसत नाही. शेवटचा हात ज्याचा लागला तो दोषी.

इथे मला दोन गोष्टी वेगळ्या काढाव्याशा वाटतात. प्रेम हे कुणी कुणाचे देणे लागत नाही. अलीवर जग भाळले याचे कारण त्याचे बोलणे, व्हिएतनाम युद्धाला दिलेला नकार, त्याचे रूप, सगळेच होते, आणि होम्सकडे ते नव्हते म्हणून कुणाला दोष देता येणार नाही. आदराचे तसे नाही. आदर म्हणजे एखाद्याच्या कामाविषयी आपण दिलेला निवाडा, आणि निवाडा चूक असू शकतो. तो पुराव्यावर द्यावा लागतो. चाहत्याची गफलत होते ती ही, की जिथे प्रेम वाटले नाही तिथे त्याला आदरही देणे लागत नाही असे वाटते, आणि मग तो त्या नावडीला कारणे शोधतो: कंटाळवाणा, गर्विष्ठ, नशीबवान. होम्सने पुढे स्वतःच या आगीत तेल ओतले. स्पिंक्सकडून हरल्यावर रॉकी मार्सियानोच्या 49 विजयांच्या विक्रमाशी बरोबरी हुकली, आणि त्या कडवटपणात तो मार्सियानोविषयी अपमानास्पद बोलून गेला. त्याचे ते बोलणे वाईटच होते, आणि त्याने नंतर माफीही मागितली. पण एका रात्रीच्या तोंडाळपणाने सात वर्षांच्या कामाचा निवाडा बदलत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. व्यावसायिक बॉक्सिंग हा तिकीट लावून होणारा खेळ आहे. पैसे मोजणाऱ्याला जे आवडले नाही त्याला त्याने मान का द्यावा? कंटाळा येण्याचा त्याचा हक्क मी मान्य करतो, हुर्यो उडवण्याचाही. पण कंटाळा हा बघणाऱ्याच्या मनःस्थितीचा अहवाल आहे, लढणाऱ्याच्या लायकीचा नव्हे. शिवाय ‘उभा राहा आणि मार खा’ या मागणीची भरपाई प्रेक्षक करत नाही. अलीला पार्किन्सन्सचा आजार असल्याचे 1984 मध्ये जाहीर झाले. त्यानंतरची तीस-बत्तीस वर्षे त्याचे हात थरथरत आणि वाचा मंदावत गेली. बॉक्सरच्या डोक्याला बसणारे मार पुढे काय करतात, हे आता कुणालाच अनोळखी नाही. हे ठाऊक असताना कुणी मार चुकवण्याचे शास्त्र पूर्णत्वाला नेले म्हणून त्याला कमी लेखणे मला क्रूरपणाचे वाटते.

सर्वांत अवघड उदाहरण फ्लॉइड मेवेदरचे आहे, कारण तिथे अनादराला खरी कारणे आहेत. घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यासाठी त्याने 2012 मध्ये तुरुंगवास भोगला. 2011 मध्ये व्हिक्टर ऑर्टिझ डोक्याने मारल्याबद्दल माफी मागत हात खाली सोडून उभा असताना मेवेदरने त्याला दोन ठोशांत झोपवले. नियमाने ते बरोबर होते, पण नियमापलीकडेही काही असते. मॅनी पॅकियाओशी लढतीची बोलणी 2009 मध्ये सुरू झाली आणि लढत झाली मे 2015 मध्ये, दोघांचाही बहर ओसरल्यावर. माणूस म्हणून त्याला मान देऊ नये असे म्हणणाऱ्याशी माझे भांडण नाही. पण त्या संध्याकाळी लास व्हेगासमध्ये निकालानंतर जी हुर्यो उडवली गेली, ती तुरुंगवासासाठी नव्हती आणि वाया गेलेल्या वर्षांसाठीही पुरती नव्हती. ती होती डावा खांदा वर घेऊन हनुवटी झाकण्याबद्दल, दोरीला पाठ लावून अर्ध्या वितीने ठोसा हुकवण्याबद्दल, बारा फेऱ्या पॅकियाओसारख्या वेगवान माणसासमोर उभे राहून जवळजवळ अस्पर्श बाहेर येण्याबद्दल. त्या माणसाच्या आयुष्यात आदराला निर्विवाद पात्र असलेली जी एक गोष्ट होती, नेमकी तिच्यावरच राग निघाला.