मोत्याची चोरी कोणाच्या खाती?

भूतदया हा शब्द आपल्या कानांवरून इतक्या वेळा गेलेला आहे की, कोणते भूत आणि कसली दया, हे विचारण्याचे आपल्याला सुचतच नाही. रानातल्या हरणाविषयी दया बाळगणे सोपे असते. ते काही आपल्या परातीत तोंड घालीत नाही. खरी परीक्षा होते ती ओसरीवरच्या कुत्र्यापाशी. म्हणून आज त्याच्याविषयीच चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. सज्जनांनी विषय हलका समजू नये.

ज्या घरी कुत्रा आहे, त्या घराला त्याचे प्रताप सांगावयास नकोत. चपला न्यायच्या तर जोडीतली एकच नेईल. तुळशीवृंदावनाच्या कडेची ओली माती उकरून तिच्यात गार पोट टेकून पडेल. दुरडीवरचे फडके नाकाने बाजूला सारून भाकरी लांबवील. आणि संध्याकाळी हरिपाठाला टाळ वाजला रे वाजला की, मान वर करून असा सूर लावील की, म्हणणाऱ्यांना हसू आवरत नाही. ह्याला कोणी अपशकुन म्हणतात. तसे काही नाही, बरे का! माणसाला ऐकू येत नाहीत असे उंच स्वर कुत्र्याच्या कानाला कळतात, आणि आपल्या जातीने एकत्र सूर लावला म्हणजे आपणही साद द्यावी, ही त्याच्या लांडगेकुळातली जुनी चाल आहे. घरची सगळी मंडळी ओरडताहेत, मग मीच का गप्प बसू, एवढाच त्याचा हिशेब असावा. काही असो, पुष्कळ घरांत हरिपाठाची वेळ न चुकविणारा तोच एक असतो. शिवाय दहा मिनिटे दुकानावर जाऊन आलेल्या माणसाचे आणि काशीहून आलेल्या माणसाचे तो सारख्याच आनंदाने स्वागत करतो. ही समदृष्टी आपल्याला कोठून यावी?

असो. मूळ प्रश्न चोरीचा. भाकरी गेली. घरची बाई फुंकणी घेऊन बाहेर आली. मोत्या कान पाडून, शेपूट पायांत घालून, नजर चुकवीत कोपऱ्यात बसला. लगेच निकाल झाला: “बघा, चोराच्या मनात चांदणं!”

पण हा निकाल खरा काय? न्यूयॉर्क येथील बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषींनी २००९ साली १४ घरगुती कुत्र्यांची एक साधी परीक्षा प्रसिद्ध केली. मालकाने खाऊ समोर ठेवून “खायचे नाही” असे बजावावे व खोलीबाहेर जावे. मागे कधी कुत्र्याला तो खाऊ द्यावा, कधी देऊ नये. आणि मालकाला मात्र कधी खरे सांगावे, कधी खोटे. त्यात असे दिसले की, खाल्ले की न खाल्ले याने कुत्र्याच्या चेहऱ्यात फरक पडला नाही. मालक रागावला की चेहरा पडे. इतकेच नव्हे, तर काही न खाता ज्यांना बोलणी बसली, त्यांचाच चेहरा अधिक पडला. म्हणजे आपण ज्याला कबुलीजबाब समजतो, ते आपल्याच रागाचे त्याच्या अंगावर पडलेले प्रतिबिंब असते.

आपल्या महाभारताला ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. आदिपर्वाच्या आरंभीच, पौष्यपर्वात, सरमा कुत्रीची कथा आहे. कुरुक्षेत्री जनमेजयाचे सत्र चालले असता तिचे पिलू तेथे आले, आणि जनमेजयाच्या भावांनी त्याला मारून हाकलले. ते रडत आईकडे गेले. मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही की चाटले नाही, असे त्याने सांगितले. सरमा थेट यज्ञमंडपात आली व तिने जाब विचारला. त्या राजपुत्रांजवळ उत्तर नव्हते. निरपराध्याला मारलेत, तुमच्यावर न दिसणारे संकट येईल, असा तिने शाप दिला, आणि एवढा मोठा राजा एका कुत्रीच्या शब्दाने घाबरून शांतीसाठी पुरोहित शोधीत फिरला. ग्रंथाच्या दुसऱ्या टोकाला, महाप्रस्थानिक पर्वात, धर्मराजा कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात चढावयास तयार होत नाही. ही दुसरी कथा आपण नेहमी सांगतो. पहिली फारशी सांगत नाही. तिच्यात आपण मारणाऱ्यांच्या बाजूला उभे सापडतो, म्हणून असेल.

आणि नामदेवरायांची कथा तर लहान मुलांनाही पाठ आहे. कुत्र्याने भाकरी पळविली, आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्या प्रसंगी कुत्रा बदलला नाही, भाकरी बदलली नाही. चोरीच्या खात्यावर पडायची ती भाकरी नैवेद्याच्या खात्यावर पडली, एवढेच. काल्याच्या कीर्तनात शिंक्यावरचे लोणी पळविण्याला आपण लीला म्हणतो आणि घरी येऊन तेवढ्यासाठीच मोत्याच्या पाठीत लाकूड घालतो, याची गंमत वाटते.

आता कोणी म्हणेल, मग काय कुत्र्याला मोकळे रान द्यावे? तसे आमचे म्हणणे नाही. तोंड दुरडीत असतानाच दटावले तर त्याला कळते. तासाभराने मारले तर फक्त तुम्ही भयंकर आहात एवढेच कळते. आणि शिंके पूर्वजांनी उगाच टांगले नव्हते. भाकरी खाली ठेवणाराचा वाटा त्या चोरीत निम्म्याहून अधिक धरावा. मनुका-बेदाणे घातलेला शिरा व कांदा मात्र त्याच्या तोंडी लागू देऊ नये. प्रसाद म्हणून प्रेमाने घातलेला बेदाणाही त्याच्या मूत्रपिंडाला विषासारखा बाधू शकतो. दया म्हणून लसही टाळू नये. पिसाळण्याचा रोग एकदा दिसू लागला की माणूस काय, कुत्रा काय, बहुधा वाचत नाही. आणि त्यावरची लस तर १८८५ सालापासून माणसाच्या हाती आहे.

दुसरा प्रश्न एकादशीचा. उपासाच्या दिवशी चुलीवर भाकरी नको, म्हणून कित्येक घरांत कुत्राही उपाशी बसतो. थंड चुलीपाशी तो दिवसभर येरझारा घालतो, आणि कोणी कौतुकाने म्हणतो, “आमचा मोत्यासुद्धा एकादशी करतो!” आमच्या मते यात कौतुक नाही. संकल्प ज्याने सोडला त्याचे व्रत. ज्याला तिथी माहीत नाही, त्याच्यावर लादलेला तो उपास नसून उपासमार आहे. दशमीला दोन भाकऱ्या जास्त थापाव्यात, नाहीतर एकादशीला खुशाल तवा ठेवावा. कुत्रा मांसाहारी, माळकऱ्याच्या घरात त्याचे पोट कसे भरावे, अशीही शंका काढतात. मांजराचे मांसावाचून चालत नाही हे खरे. पण माणसाच्या सोबतीने राहून कुत्र्याला पिष्ट पचविण्याची शक्ती लांडग्याहून कितीतरी अधिक आली आहे, असे २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले. तरी नुसत्या कोरड्या भाकरीवर त्याला ठेवू नये. डाळ, ताक, जे मानवेल ते गुरांच्या डॉक्टरांना विचारून घालावे.

हे सारे ममत्व म्हणजे मोहच नव्हे काय, जडभरताला हरणाच्या पाडसापायी पुन्हा जन्म घ्यावा लागला ना, असे शास्त्री विचारतील. आमची समजूत अशी की, पाडसाला चारा घातला हा भरताचा दोष नव्हता. त्याच्यापायी नित्यनेम सुटला हा होता. मोत्यासाठी कोणाचा हरिपाठ सुटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. उलट, मोह सुटल्याचे निमित्त करून म्हातारा कुत्रा बाजारच्या गावी सोडून येणारे पुष्कळ. पिलू होते तोवर मुलांना खेळायला पाहिजे होते. आता उठवत नाही, ओसरीवर घाण करतो, म्हणून नको. ह्याला वैराग्य म्हणत नाहीत. १९६० च्या कायद्याप्रमाणे जनावराला उपाशीतापाशी मरावे लागेल अशा रीतीने विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे, आणि कुत्र्याला सदासर्वदा साखळीला जखडून ठेवणेही.

शेवटी आषाढीच्या वारीचे. घरातली सगळीच मंडळी निघणार असली तर जवळजवळ तीन आठवड्यांचा प्रश्न असतो. मोत्या दिंडीमागे येईल म्हणतात. येईलही, पण तापलेली सडक, गावोगावची भांडखोर कुत्री आणि लाखो पायांचा वास, यांत तो चुकला तर कोठे शोधणार? त्यापेक्षा आठ दिवस आधी शेजाऱ्याला सांगावे, त्याच्या हातून दोन्ही वेळा खाऊ घालून सवय करावी, आणि पीठ मोजून देऊन मग निघावे. परतल्यावर तो आधी बुक्क्याच्या नि वाटेच्या धुळीच्या वासाची पडशी हुंगून घेईल, आणि मग माणसाच्या अंगावर उडी टाकील.