दळण

माईंकडे गाणारी मुलं अभिनय शिकायला जातात, याचं सांगलीच्या गावभागात पुष्कळांना नवल वाटायचं. माईंचं सगळं आयुष्य संगीत नाटकांच्या दौऱ्यांवर गेलेलं. पण नायिका म्हणून पोस्टरवर त्यांचं नाव कधी झळकलं नाही. 'सौभद्र'मध्ये कुसुमावती, 'एकच प्याला'मध्ये गीता. नाइट ठरलेली, गाडीतली जागाही ठरलेली, शेवटून दुसरी. गुडघे बोलायला लागले तेव्हा दौरे सुटले आणि घरी शिकवणी सुरू झाली. नायिकेनं पद घेतलं की विंगेतून बघत राहायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग होता. किती सिंधू आणि किती सुभद्रा त्यांनी तिथून पाहिल्या असतील, कोण जाणे.

येणारी मुलं बहुतेक विशारद झालेली, गळा तयार असलेली. मागणं सगळ्यांचं एकच: "माई, गाणं बसलंय, आता तेवढे हातवारे बसवून द्या."

त्या वर्षी एक मुलगी आली. राज्य नाट्य स्पर्धेच्या संगीत विभागात तिच्या संस्थेचं 'एकच प्याला' होतं आणि ती सिंधू होती. माई नावानं कधी बोलवत नसत. आल्या दिवसापासून ती 'सिंधू'च झाली. आवाज असा की तार षड्ज लावला की खिडकीतलं पोरगं खेळायचं थांबे. फक्त पदात आकाश आलं की तिचं बोट छताकडे जायचं, डोळे आले की डोळ्यांकडे.

"शब्द ऐकू येतायत गं आम्हाला," माई म्हणाल्या.

मग त्यांनी तिला पदाच्या आधीचं आणि नंतरचं गद्य म्हणायला लावलं. तिथं खरी अडचण दिसली. गद्य संपे, मुलगी पदर सावरून समोर तोंड करी, ऑर्गनवाल्याकडे बघून मान हलवी आणि गायला लागे. पद संपलं की पुन्हा वळून सिंधू होई.

या नाटकात ही फट मुळातच आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ला गेले आणि 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं २० फेब्रुवारीला, बडोद्याला. नाटक त्यांचं, पण पदं लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर गाजला तो या दोन हातांच्या लिखाणावर.

"गद्य एकाचं, पदं दुसऱ्याची," माई म्हणाल्या. "सिंधू मात्र एकच बाई आहे. मधली शिवण तुलाच घालायची आहे, आणि ती दिसता कामा नये."

कशी घालायची, ते काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी आली तर ओट्यावर जातं मांडलेलं. शेजारच्यांचं, एरवी मेतकुटापुरतं बाहेर निघणारं. बाजूला सुपात शेरभर जोंधळा.

दारूपायी घर धुळीला मिळाल्यावर सिंधू दळत बसते, तो प्रवेश. संस्थेनं त्यासाठी थर्माकोलचं झकास काळं जातं केलं होतं. बोटानं ढकललं तरी फिरे. हे फिरेना. एक पाय लांब करून बसायचं, उजव्या हातानं खुंटा ओढायचा, डाव्या हातानं वैरण घालायची, आणि हे सगळं करत गायचं. हात चालला की गाणं अडे आणि गाणं सुरू झालं की हात थांबे. दोन दिवसांत तळव्याला फोड आले. माई गाण्याबद्दल अवाक्षर बोलत नव्हत्या. पाळीखालचं पीठ चिमटीत घेऊन बघायच्या आणि म्हणायच्या, "जाड आहे. या दळणाचे पैसे कोण देईल?"

चौथ्या दिवशी मुलगी चिडली. "माई, लोक माझं गाणं ऐकायला येणार आहेत, दळण बघायला नाही."

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. नुसत्या गाण्यासाठी पहाटेपर्यंत नाटकाला बसणारे आपलेच आजोबा-पणजोबा. संगीत नाटकाला नुसत्या अभिनयाच्या तराजूत घालणारे टीकाकार मला तरी कधी पटले नाहीत.

"येऊ देत की," माई म्हणाल्या. "वन्समोअरही मिळू दे. तो तुला मिळतो की सिंधूला, तेवढं बघ."

मुलगी पुन्हा बसली. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की वैरण ताजी असताना जातं जड ओढतं आणि दाणा संपत आला की हलकं होतं. श्वास घ्यायची जागा तिथंच आपोआप सापडायला लागली. दोन ताना तिनं स्वतःच गाळल्या. त्या घेताना खुंटा हातातून सुटत होता. पदानंतरचं वाक्य धापेतूनच यायला लागलं, त्यासाठी वेगळं काही करावं लागेना. बोट छताकडे जायचं बंद झालं. हात मोकळा होता कुठे?

रंगीत तालमीला ऑर्गनवाले कुरकुरले. जात्याची घरघर माइकमध्ये येत होती.

"येऊ द्या," माई म्हणाल्या. "तिच्या घरी तंबोरे नव्हते."

प्रयोगाच्या दिवशी दोघांनी मिळून ते जातं रंगमंचावर आणलं. पाळण्यात कापडाचं बाहुलं होतं. पद संपलं आणि पहिल्या रांगेतून वन्समोअर आला, मग मागून, मग बाल्कनीतून. मुलीचे गुरुजी समोरच बसले होते. त्यांनीही हात वर केला. रिवाज असा की अशा वेळी नटानं पुढं यावं, नमस्कार करावा, तबलजीला खूण करावी. ऑर्गनवाले तिच्या नजरेची वाट बघत होते.

तिनं वर बघितलंच नाही. सुपातून मूठभर जोंधळा घेतला, जात्याच्या तोंडात टाकला आणि खुंटा ओढला. दळण उरलं होतं. दोन फेऱ्या झाल्यावर त्याच लयीत तिनं मुखडा उचलला. ऑर्गनवाल्यांना तिच्या मागून यावं लागलं. दुसऱ्या खेपेला आवाज थोडा थकलेला होता, एक जागा तर निसटलीच. मग मधूनच पाळण्याकडे बघून तिनं हात भरभर चालवला, पद संपवलं आणि श्वासही न घेता गद्यात शिरली.

मध्यंतरात एक जाणकार चहाचा कप हातात धरून म्हणाले, "पहिल्यांदा जास्त चांगली गायली." खरंच होतं ते.

नाटक सुटल्यावर माई काठी टेकत विंगेत आल्या. जात्याभोवतीचं पीठ अजून तसंच होतं. त्यांनी वाकून चिमूटभर उचललं, बोटांत चोळलं.

"शेवटी शेवटी जाड पडलंय. घाई केलीस."

"काय करू माई?" मुलगी म्हणाली. "मूल उठलं होतं."