विम्याचे पैसे कोणाचे?



घरातला कर्ता माणूस देवाघरी जातो. महिन्याच्या मिस्सानंतर कपाट उघडले जाते आणि विम्याची पॉलिसी हाती येते. पुष्कळदा तिच्यावर नॉमिनी म्हणून वडिलांचे नाव असते, पण वडील आधीच वारलेले असतात. किंवा तो रकानाच कोरा असतो. मग प्रश्न उभा राहतो, हे पैसे कोणाचे?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. नॉमिनी हयात नसेल तर रक्कम वारसांची. रक्कम लहान असली तर कधी कधी सर्व वारसांच्या सह्या व हमीपत्रावर काम भागते. नाहीतर ठाणे वा कल्याणच्या कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणावे लागते. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास एक तृतीयांश वाटा पत्नीला आणि दोन तृतीयांश मुलांना मिळतो. मुलगा आणि मुलगी यांत भेद नाही. मात्र मुले असताना मृताच्या आईला या कायद्याने काहीही मिळत नाही. हिंदू कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस आहे. आपल्यात तसे नाही.

समजा, डोंबिवलीच्या एका कुटुंबात नऊ लाख रुपये आले. पत्नीला तीन लाख, दोन मुलांना तीन-तीन लाख. आणि ज्या सत्तरीच्या आईचे औषधपाणी त्याच मुलाच्या पगारातून होत होते, तिच्या हाती काही नाही. कायदा पाळला गेला. पण न्याय झाला का?

विधवेला दोष देणे सोपे आहे. तिच्यापुढेही घरभाडे, शाळेची फी आणि उरलेले आयुष्य आहे. मुले अज्ञान असतील तर त्यांचा वाटा ती कोणालाही देऊन टाकू शकत नाही. ती फक्त त्यांची राखणदार आहे. शिवाय त्या म्हाताऱ्या आईला आणखी मुलगे-मुली असतील तर पहिली जबाबदारी त्यांची. सुनेच्या वाट्याकडे बोट दाखवून त्यांनी आपले हात झटकू नयेत.

वारशाची वाटणी करून द्या, अशी विनंती एकाने येशूकडे केली तेव्हा प्रभूने न्यायाधीश होण्याचे नाकारले आणि लोभापासून सावध केले, असे संत लूक सांगतो. संत मार्कच्या सातव्या अध्यायात तर प्रभूचे शब्द अधिक कडक आहेत. आपले धन ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर करून काही लोक आईबापांना मदत नाकारीत. नियम त्यांच्या बाजूने होता, आज्ञा मात्र मोडली जात होती. ‘कायद्याने तुझा हक्क नाही’ असे आपण घरच्या म्हातारीला म्हणतो, तेव्हा आपणही तेच करतो. कायदा कोणाचा वाटा किती ते ठरवतो. त्या वाट्यातून कोणासाठी ताट वाढायचे, हे आपली सदसद्विवेकबुद्धी ठरवते.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. जे वारस सज्ञान आहेत त्यांनी पैसे बँकेत पडण्यापूर्वीच एकत्र बसावे आणि मृताच्या कमाईवर कोण कोण जगत होते, एवढे आधी विचारावे. आणि आपण जे हयात आहोत, त्यांनी आपली पॉलिसी काढून पाहावी. नॉमिनी केवळ पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सरबती देवी खटल्यात म्हटले होते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर मात्र आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. त्यामुळे लग्नाआधी लिहिलेले एकट्या आईचे नाव तसेच राहिले तर पत्नी रिकाम्या हाती राहू शकते. एकाहून अधिक नावे लिहिता येतात. मृत्युपत्रही करता येते.

क्रुसावर प्राण सोडण्यापूर्वी प्रभूने आपल्या आईची सोय केली. त्याच्याजवळ विमा नव्हता, घर नव्हते; तरी तिला कोणाच्या घरी राहायचे ते त्याने सांगून ठेवले. आपणही वेळ आहे तोवर सांगून ठेवू या.