वेग कुणाचा?

रुस्ताकला समुद्र नाही. डोंगर, किल्ला आणि फलजचे वाहते पाणी आहे. पण गाडीने तासाभरात बातिनाचा किनारा लागतो, आणि तिथे होडीवाल्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो : खोली आणि वेग मोजणारे सेन्सर कुठले घ्यावेत, कुठे बसवावेत?

यातला ‘कुठे’ महत्त्वाचा. खोलीचा सेन्सर आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणजे ०.०२ सेकंदांत परत आला तर तळ १५ मीटरवर. पण हे अंतर सेन्सरपासूनचे. होडीचा कणा त्याच्याही खाली एक मीटर असेल आणि तो फरक यंत्राला सांगितला नसेल, तर आकडा बरोबर आणि होडी वाळूत!

वेगाचे तसेच. तळाला बसवलेले पातीचे चाक पाण्यातला वेग मोजते, जीपीएस जमिनीच्या हिशोबाने. मागून २ नॉटचा प्रवाह असेल तर चाक ५ दाखवते, जीपीएस ७. दोन्ही खरे.

तुम्ही-आम्ही परदेशात स्वतःबद्दल बोलताना कुठला आकडा सांगतो? गणपतीच्या जेवणात कुणीतरी म्हणतेच, “आम्ही शून्यातून वर आलो.” पाठोपाठ इथल्या मजुरांबद्दल, “यांना शिकायला कुणी अडवलं होतं?” माझी डॉक्टरेट माझ्या मेहनतीची आहे. पण वडिलांचा वेळेवर येणारा पगार, घरातली पुस्तके, कमी फीचे सरकारी कॉलेज, हा प्रवाह मी निर्माण केला नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग मेहनतीला किंमत नाही का? आहे. चाक फिरले ते खरेच. पण ते नीट जुळवायचे तर मोजलेले अंतर एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा प्रवाहाविरुद्ध कापून दोन्ही वेगांची सरासरी काढतात. आयुष्यात ती उलटी फेरी आपल्याला करता येत नाही. ती दुसरे कुणीतरी करत असते : भर उन्हात, कर्ज काढून आलेला, आपल्याच वयाचा गवंडी. त्याचा जीपीएस १ दाखवतो तेव्हा त्याचे चाक किती दाखवत असेल?

मोसमी वाऱ्यांवर मस्कत ते कोकण ये-जा करणाऱ्या खलाशांना वाऱ्याचा हिशोब विसरणे परवडत नसे. आपल्याला परवडते, कारण चुकलेल्या हिशोबाची किंमत दुसरा मोजतो. म्हणून तो हिशोब निदान बोलताना तरी नीट मांडावा.